कराराच्या बाजूचं एक पत्र

माझी अल्मा आत्या चौदा वर्षं सिनेटर लॅथ्रोप यांच्या नॉर्बीतल्या कचेरीत होती. कचेरी म्हणजे पोस्टाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. साहेब वॉशिंग्टनला. इथं आत्या, एक टाइपरायटर, दोन टेलिफोन आणि हिवाळाभर खडखडणारे वाफेचे नळ. गावाला वाटायचं, सरकार म्हणजे हीच. पेन्शन अडकली, जा अल्माकडे. पोराला फौजेतून सुट्टी मिळत नाही, जा अल्माकडे. ओटिस ब्रेक्के इटलीच्या लढाईत पायाची तीन बोटं थंडीत गमावून आला होता, आणि फौजेचं दफ्तर म्हणत होतं की आमच्या कागदात तुझी दहाही बोटं शाबूत आहेत. आत्यानं दोन वर्षांत अकरा पत्रं लिहून ती तीन बोटं कागदावरूनही काढवली. तेव्हापासून ओटिस दर ऑक्टोबरात तिला धुरावर भाजलेला मासा आणून द्यायचा.

ही नोकरी तिला लावली होती माझ्या वडिलांनी. माझे वडील सेल्मर, तिचा धाकटा भाऊ, शेतकरी, आणि आमच्या काउंटीच्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष. लॅथ्रोप पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा बाबांनी त्यांना आपल्या पिकअपमधून गावोगाव फिरवलं होतं. आतोबा रेल्वेत होते, ते अचानक गेले आणि आत्याच्या पदरात आठ वर्षांचा डेल होता. बाबांनी साहेबांना सांगितलं, "माझ्या बहिणीला टाइप करता येतं आणि तिला तोंड बंद ठेवता येतं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चौदा वर्षांत आत्यानं कुठल्याही प्रश्नावर स्वतःचं मत कुणाला ऐकवलं नाही. मलाही नाही, आणि मी तर तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

१९७८ च्या जानेवारीत ते तोंड बंद ठेवणं तिला जड जायला लागलं.

राष्ट्राध्यक्षांनी पनामाशी दोन करार केले होते. आपल्या ताब्यातला कालवा आणि त्याच्या दोन्ही काठांचा पट्टा हळूहळू त्यांचा त्यांना परत द्यायचा. राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट, त्यामुळे आमच्याकडे निम्म्या लोकांचं मत तिथंच ठरलं. पण प्रत्येक करार पक्का व्हायला सिनेटमध्ये शंभरातली सदुसष्ट मतं हवी होती, म्हणजे रिपब्लिकनांची गरज होती. लॅथ्रोप काहीच बोलत नव्हते. ते बोलत नव्हते म्हणून सगळं गाव आत्याशी बोलत होतं. दोन्ही टेलिफोन सकाळी आठला सुरू व्हायचे. ती कागदावर दोन रकाने पाडायची, बाजूने आणि विरोधात. चार वाजता आकडे वॉशिंग्टनला सांगायची.

ओटिस रोज नऊला फोन करायचा.

"अल्मा, मी ओटिस. विरोधात लिही."

"ओटिस, तुझं सोमवारीच लिहिलंय."

"सोमवारचं सोमवारी. आजचं आज लिही."

"एका माणसाचं एकदाच धरतात."

"मग माझ्या बोटांचं वेगळं धर. तीन बोटं विरोधात!"

ती हसायची. जानेवारीत तिला अजून हसू येत होतं.

कुणाला फारसं माहीत नव्हतं ते हे, की तिचा डेल तेव्हा तिथंच होता. बावीस वर्षांचा, पायदळात, कालव्याच्या पट्ट्यात पहाऱ्यावर. दर मंगळवारी त्याचं पत्र यायचं. ती मला त्यातलं थोडं वाचून दाखवायची. कुंपणाच्या एका बाजूला कातरलेली हिरवळ आणि पांढरी घरं, दुसऱ्या बाजूला लाकडी चाळी. कपडे धुणारी एक बाई त्याला विचारायची, तुझ्या गावातून कुणी परक्यानं असं कुंपण घातलं तर तुझी आई काय म्हणेल? आणि एकदा त्यानं लिहिलं की सार्जंट सांगतो, पन्नास मैल कालवा, दोन्हीकडे रान. एक माणूस पिशवीत सुरुंग घेऊन आला आणि पाण्याचा एक दरवाजा उडवला तरी पुरे. सिनेटनं नाही म्हटलं तर तो माणूस येणार हे इथं सगळे धरून चालतात. कधी, एवढंच ठाऊक नाही.

त्या पत्रानंतर आत्याला जेवण जाईना. टेलिफोनवर लोक म्हणायचे, "पाठवा म्हणावं आणखी फौज, दाखवा इंगा!" ती म्हणायची, "नोंद घेतली, आभारी आहे," आणि रेघ ओढायची. रेघ सरळ यायची नाही.

फेब्रुवारीत बाबांनी पत्रक काढलं. किराणा दुकानात, गव्हाच्या कोठारांवर, चर्चच्या दारात, सगळीकडे. वर डेलचा गणवेशातला फोटो. खाली मोठ्या अक्षरात: आपला पोरगा ज्याचं रक्षण करतोय, ते लॅथ्रोप फुंकून टाकणार का?

मी तेव्हा पहिलीच्या वर्गाला शिकवायचे आणि आईबाबांकडेच राहायचे. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो तेवढ्यात आत्या आली. अंगावरचा कोट काढला नाही. पत्रक बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हा फोटो कुणाला विचारून छापलास?"

"अल्मे, आधी बस तरी." ते आईकडे वळले. "इनेझ, हिला कॉफी दे."

"कॉफी नको मला. कुणाला विचारलंस?"

"भाचा आहे तो माझा."

"भाचा आहे ना? मग सांग, तो काय लिहितो?"

"फौजेतला पोरगा काय लिहिणार? जेवण वाईट, डास मोठे."

तिनं सार्जंटचं ते बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द. बाबांनी काटा खाली ठेवला.

"म्हणून घाबरून देऊन टाकायचं? आपण बांधलाय तो कालवा!"

"कुणी, तू? आपल्या बापानं जन्मात गोठ्याची मोरी सरळ खणली नाही!"

आईनं तोंडावर रुमाल धरला. बाबा मात्र लाल झाले.

"ही तुझी भाषा नाही. ही लॅथ्रोपची भाषा आहे. चौदा वर्षं त्यांचं मीठ खाल्लंस."

"लॅथ्रोपनी अजून तोंड उघडलेलं नाही, सेल्मर. ही डेलची भाषा आहे."

"मग डेलला सांग, मामा त्याच्या पाठीशी उभा आहे."

"तू त्याच्या पाठीशी नाहीस. तू त्याला पुढं करून मागं उभा आहेस."

ती निघून गेली. बाबा बराच वेळ बटाटे चिवडत बसले. पत्रकं मात्र काढली नाहीत.

त्या रविवारी आत्यानं स्वयंपाकघरात बसून सिनेटर लॅथ्रोप यांना पत्र लिहिलं. कचेरीतली बाई म्हणून नाही, मतदार म्हणून. हातानं लिहिलं, तिकीट लावलं आणि आपल्याच कचेरीखालच्या पेटीत टाकलं. सोमवारी तेच पत्र गठ्ठ्यातून वर आलं. तिनं इतरांसारखंच ते चाकूनं फोडलं, नोंदलं आणि वॉशिंग्टनच्या पाकिटात घातलं. त्या दिवशी विरोधात दोनशे बारा होती, बाजूने सात. सातातलं एक तिचं. हे तिनं मला फार पुढं सांगितलं.

सिनेटमधली चर्चा त्या वर्षी रेडिओवर थेट ऐकू येत होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. विद्यापीठाचं केंद्र आमच्यापर्यंत खरखरत यायचं. मार्चमध्ये पहिल्या मतदानाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कचेरीत गेले, तर लॅथ्रोप बोलायला उभे राहिले होते. आत्यानं दोन्ही टेलिफोन आयुष्यात पहिल्यांदा काढून ठेवले होते.

साहेबांचा आवाज थकलेला होता. म्हणाले, मला वीस हजारांवर पत्रं आली, बहुतेक विरोधात. त्यांतलं एक वाचतो. एका आईचं. तिचा मुलगा आज कालव्यावर उभा आहे. तिनं त्याचं नाव लिहिलं आहे, ते मी वाचत नाही. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. पन्नास मैल, रान, पिशवी, एक दरवाजा. मग शेवट: "कालवा कुणाचा, यावर माझ्याहून शहाणी माणसं भांडत आहेत. मुलगा माझा आहे, एवढं मला नक्की ठाऊक आहे. त्याला ज्यासाठी उभं केलंय ते सांभाळता येणारं आहे का, हे एकदा तिथं जाऊन बघा आणि मग मत द्या."

मी आत्याकडे बघितलं. तिनं टाइपरायटरवर हात टेकला होता.

"ह्यांनी मला विचारलं नाही, मार्नी," ती म्हणाली. "सेल्मरनं फोटोचं विचारलं नाही. ह्यांनी पत्राचं विचारलं नाही."

"आत्या, नाव कुठं घेतलं?"

"आपल्या काउंटीतून पनामात पोरं किती आहेत?"

एकच होता. आणि त्याचा फोटो बाबांनी दुकानादुकानांतून लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी लॅथ्रोपनी बाजूनं मत दिलं. अडुसष्ट विरुद्ध बत्तीस. दुसऱ्या करारावरचं मतदान एप्रिलमध्ये होतं, त्यामुळे पुढचा महिनाभर लोक साहेबांचं मत फिरवायला आणि आत्याला छळायला मोकळे होते.

ओटिसचा नऊचा फोन बंद झाला. त्याऐवजी दुसरे यायला लागले, ज्यांत कुणी बोलायचंच नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. तिच्या मोटारीच्या काचेवर रंगानं 'गद्दार' लिहिलेलं आढळलं. तिनं ते रॉकेल आणि ब्लेडनं खरवडलं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला ती ज्या टेबलाशी बसायची तिथल्या बायका ताटल्या उचलून भांडी धुवायला जायच्या, सगळ्या एकदम. एवढी भांडी नॉर्बीत कधी घासली गेली नसतील. कुणी वावगं बोललं नाही. आमच्याकडे वावगं बोलत नाहीत, उठून जातात.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण डेलचं पत्र आलं नाही.

पहिला मंगळवार गेला तेव्हा ती म्हणाली, विमानाला उशीर झाला असेल. दुसरा गेला. तिसऱ्या मंगळवारी मी शाळेतून आले तर ती पोस्टाच्या जिन्यात उभी होती, वर जात नव्हती की खाली येत नव्हती.

"त्याच्या वरिष्ठांनी भाषण ऐकलं असणार," ती म्हणाली. "पहाऱ्याच्या गोष्टी घरी लिहितो म्हणून त्याला कोठडीत टाकलं असेल तर? की कुणी मारलंच असेल? बराकीतली पोरं मारतात, मार्नी. मी वाचलीत तसली पत्रं. चौदा वर्षं वाचलीत."

"अगं, मग कचेरीतून फौजेला फोन कर ना! दुसऱ्या कुणाची आई आली असती तर दहा मिनिटांत पत्ता काढला असतास."

"दुसऱ्या कुणासाठी केलं असतं. साहेबांचं नाव घेऊन मी त्याला हुडकायला लागले तर उरलीसुरली पलटणही ओळखेल, हाच तो, ह्याच्याच आईचं पत्र."

साहेबांनी स्वतः फोन केला होता. मी तिथं होते, आत्याचं तेवढं ऐकलं.

"हो साहेब... हो, विचारायला हवं होतं तुम्ही... आणखी दोन सिनेटरांचं मत त्या पत्रानं वळलं असेल, तर मला आनंद आहे... नाही, साहेब. माझ्या मुलाचं पत्र तीन आठवडे नाही... नको. तुम्ही चौकशी करू नका. तुम्ही आजवर केलंत तेवढं खूप झालं."

साहेबांशी ती असं बोलली, आणि मग चार वाजता तिनं नेहमीसारखे आकडे कळवले.

ती बारीक झाली. तिच्या घरी गेलं की ती खिडकीशी असायची. रस्त्यावर कुठलीही अनोळखी मोटार हळू झाली की तिचा हात गळ्याशी जायचा, कारण वाईट बातमी सांगायला फौजेची माणसं मोटारीनंच येतात. बाबांच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. बाबा जिल्ह्याजिल्ह्यांतून लॅथ्रोपच्या विरोधात दुसरा रिपब्लिकन उभा करत फिरत होते. आई एकदाच बोलली, "तुमचा उमेदवार निवडून येईल हो. बहीण येणार नाही." बाबा जेवण टाकून ट्रॅक्टरकडे गेले.

अठरा एप्रिलला दुसरा करार मंजूर झाला. पुन्हा अडुसष्ट विरुद्ध बत्तीस, आणि लॅथ्रोप पुन्हा बाजूने. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत सांगितलं की पनामाच्या राज्यकर्त्यानं निकालानंतर जाहीर केलं, सिनेटनं नाही म्हटलं असतं तर आमचे सैनिक कालवा उडवून देणार होते. तयारी झाली होती.

आम्ही न्याहरी करत होतो. बाबांनी कप खाली ठेवला.

"बढाया मारतोय," ते म्हणाले.

ते खिडकीपाशी गेले. बाहेर चिखल होता, पेरणी खोळंबली होती. पाठमोरेच म्हणाले, "डेलचं काही आलं का?"

"नाही," मी म्हणाले. "पाच आठवडे झाले."

"पाच?" त्यांनी वळून बघितलं. त्यांना हे माहीतच नव्हतं. त्यांना सांगणारं कोण होतं?

त्या दिवशी ते शेतावर गेले नाहीत. खोलीचं दार लावून टेलिफोन करत राहिले, पक्षातल्या या माणसाला, त्या माणसाला. दुपारी तीनला बाहेर आले आणि मला म्हणाले, "जा, तिला सांग, पोरगा धडधाकट आहे. मतदान होईपर्यंत सगळ्यांना रानात हलवलं होतं, टपाल बंद होतं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

मी धावतच गेले. आत्या ऐकून खुर्चीत बसली.

"सेल्मरनं शोधलं ना?"

"छे. शाळेत कुणीतरी..."

"पहिलीच्या पोरांना शिकवतेस आणि खोटं त्यांच्याइतकंही जमत नाही तुला," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मे महिन्यात पत्र आलं. ते तिनं मला वाचून दाखवलं नाही, हातात दिलं. डेलनं लिहिलं होतं: आई, मी बरा आहे. कॅप्टननं मला तीनदा बोलावून विचारलं, आणखी काय काय लिहिलंस म्हणून. पोरं मला 'दरवाजा' म्हणतात. दोन पत्रं लिहून फाडली, कारण आता लिहिताना वाटतं की हे कोण वाचेल. माझं बोलणं तुझ्यापुरतं होतं. तू जे केलंस ते का केलंस ते कळतं मला. पण मला राग आला आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही.

"बरोबर आहे त्याचं," आत्या म्हणाली. "सेल्मरला मी जे बोलले तेच तो मला बोलतोय." तिनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. त्यात सबब एकही नव्हती.

जूनमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत लॅथ्रोप हरले. आमच्या काउंटीत तर तिपटीनं हरले. बाबांच्या अंगणात लोक जमले, सॉसेज भाजले, मोटारींचे भोंगे वाजले. नवीन वर्षात नव्या सिनेटरनं कचेरी दुसऱ्या गावी हलवली. आत्यानं शेवटचे आठ दिवस अर्धवट राहिलेल्या पेन्शनींचे कागद एकेकाच्या घरी पोचवण्यात घालवले, त्यांत उठून भांडी घासायला जाणाऱ्यांचेही होते. मग ती आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पोरांना बटाटे वाढायची. मला दुपारी खिडकीतून दिसायची. डेल शरद ऋतूत परत आला, दोन राज्यं पलीकडे रेल्वेत लागला. नाताळला यायचा. आधी एक दिवस राहायचा, पुढच्या वर्षी चार.

भाऊबहीण बोलत नव्हते. बाबांना वाटे तिनं आधी यावं. तिला काय वाटे ते तिनं सांगितलं नाही. जवळजवळ दोन वर्षं अशी गेली.

रशियानं अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या म्हणून १९८० च्या जानेवारीत वॉशिंग्टननं रशियाला धान्य विकणं बंद केलं. एका रात्रीत. आमचा गहू कोठारांत भरून राहिला, मालगाड्या येईनात. ज्या लोकांनी कालव्यासाठी फौज पाठवा म्हणून रेघा ओढवून घेतल्या होत्या, ते आता म्हणत होते, दूरदेशीच्या भांडणात आम्हाला का ओढता? बाबा आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत होते. एका शनिवारी सकाळी मी आत्याकडे होते, तेव्हा मागच्या दाराशी बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला.

"अल्मे, आहेस का?"

"दार उघडंच आहे."

बाबा टोपी हातात घेऊन आत आले. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"राष्ट्राध्यक्षांना लिहिलंय. तू जरा नजर टाक."

आत्यानं चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

"सेल्मर, पहिल्याच ओळीत तू त्यांना चोर म्हटलंयस."

"आहेतच!"

"असतील. पण असलं पत्र माझ्याकडे आलं की मी एक रेघ ओढायची. विरोधात, एक. पुढं कुणी वाचत नव्हतं."

बाबा म्हणाले, "आणि कुठलं वाचत होते?"

"ज्यात काही घडलेलं असेल ते. तुझ्या शेतात काय झालं, या आठवड्यात, ते लिही. राजकारण त्यांना तुझ्याहून जास्त येतं."

बाबा खुर्चीत बसले. टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मी कॉफी ओतली, ती दोघांनीही घेतली.

"तुझं ते मी ऐकलं होतं," बाबा म्हणाले. "रेडिओवर. पिकअपमध्ये होतो. गाडी कडेला घेतली."

"आणि?"

"आणि काय. पुढं गेलो." ते खाली बघत होते. "तो फोटो, अल्मे..."

"तू मजकूर सांग," आत्या म्हणाली. "मी टाइप करते."

दोन तास लागले. ते सांगत होते, ती म्हणायची, हे नको, हे राहू दे, मालगाडीचे किती डबे यायचे होते ते नीट आठव. मधेच दोघं एका शब्दावरून भांडले, अगदी लहानपणी भांडत असतील तसे. पत्र गेलं.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. चार ओळी, छापील, खाली शिक्क्याची सही. बाबा ते घेऊन रागारागानं आत्याकडे धावले. तिनं बघितलं आणि म्हणाली, असली मी पोत्यांनी पाठवलीत.

"मग आता?"

"आता दुसरं लिहायचं," ती म्हणाली आणि टाइपरायटरवरचं कापड काढलं.